आतली कडी

सोमवार, ४ नोव्हेंबर १९७४

शनिवारी लिहिलेल्या मजकुरात एक चूक आहे. ती आधी दुरुस्त करते.

मी लिहिलं होतं की चिमाबाईने हसत भंडारा उचलला. ती हसली नव्हती. हसत होता तो वर्ग. तिने आधी बाळासोच्या तळहातावरच्या भंडाऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी मान हलवली. तेव्हा कुठे तिने चिमूट उचलली.

एवढी साधी गोष्ट मी चुकीची का लिहिली, कळत नाही. वस्तीवर शाळा नव्हती म्हणून तात्यांनी, माझ्या वडिलांनी, मला घरीच शिकवलं. करमाळ्याच्या आसपासची माणसं भांडणं घेऊन त्यांच्याकडे यायची आणि मी आतल्या दाराआड बसून ऐकायची. माणसं गेली की तात्या विचारायचे, काय ऐकलंस ते सांग. मी म्हणायची, "तो टोपीवाला लबाड होता." तात्या म्हणायचे, "हे ऐकलंस, का तुला वाटलं?" ऐकलेलं आणि वाटलेलं एका ताटात वाढायचं नाही, हा माझा पहिला धडा. शनिवारी वर्ग फार छान झाला असं मला वाटत होतं. म्हणून माझ्या वहीत चिमाबाई हसली.

आता झालं तसं लिहिते.

तंटा असलेल्या दोघांना समोरासमोर कसं बसवायचं, कसं ऐकायचं, हे नुसतं फळ्यावर शिकवून येत नाही. म्हणून मी वर्गात सराव घेते. कुणीतरी फिर्यादी होतं, कुणी सामनेवाला, कुणी पंच. वर्गातली माणसं त्याला सोंग म्हणतात. मी सांगितलं होतं की भांडण आणा, पण स्वतःचं नको, ऐकलेलं आणा. चिमाबाई दोन महिन्यांत एकदाही बोलली नव्हती. प्रत्येक गावाने एक पुरुष आणि एक बाई पाठवायची असा आमच्या समेट केंद्राच्या आबासाहेबांचा नियम आहे. म्हणून कुंभारीहून बाळासो येतो आणि आपल्या धाकट्या भावाच्या बायकोला, या चिमाबाईला, सोबत आणतो. शनिवारी तीच हात वर करून म्हणाली, "माज्याकडं हाय एक. ऐकल्यालं."

भांडण असं. एका बाईचा नवरा मेंढरं घेऊन लांब गेलाय, मिरगापर्यंत यायचा नाही. ती निजते त्या खोलीला आतून कडी नाही. सासू कडी बसवू देत नाही. बाईचं म्हणणं, कडी तरी द्या नाहीतर माहेरी तरी जाऊ द्या.

सोनाबाई सासू झाली. तीही कुंभारीचीच, रोज इथे सोलापुरात शुक्रवार पेठेत दूध घालायला येते, तोंडाची खमकी. बाळासो म्हणाला, "पंच मी हुतो." तो बोलायला गोड, सगळ्यांना आवडतो. मी हो म्हटलं.

"कडी कशाला गं तुला?" सोनाबाईने कमरेवर हात ठेवले. "सोन्याच्या राशी हायत्या व्हय खोलीत?"

"वारं येतंय," चिमाबाई म्हणाली.

"मग पोतं लाव की दाराला."

"लावलं हुतं. सरकावतंय."

"कोन, वारं?" मागून कुणीतरी विचारलं, आणि सगळा वर्ग हसला. मीही हसले.

बाळासोने दोन्ही बाजू ऐकल्या. मी शिकवलं होतं तसं मध्ये कुणाला तोडलं नाही. मग म्हणाला, "बाई, घर म्हंजी काय सरकारी खजिना न्हवं. कडीवरनं जर बाया माहेरी जायला लागल्या तर निम्मा गाव रिकामा व्हईल. कडी बसंल सावकाश. तवर तू घर सोडायचं न्हाय."

मी आधीच सांगून ठेवलं होतं, गावात करता तसंच करा, शेवटापर्यंत करा, मध्येच हसून सोडून देऊ नका. त्याने कमरेची पिशवी सोडली आणि भंडारा तळहातावर घेतला. बिरोबाचा, खरा, उचलला की शपथ बांधते तो.

"मालक येईस्तवर माहेरचं नाव काढनार न्हाय, घरातलं भाईर सांगनार न्हाय. म्हन, आन् उचल."

तिने ते शब्द स्पष्ट म्हटले. मग माझ्याकडे पाहिलं. पुढचं वर लिहिलंच आहे.

मी वर्गाला म्हणाले, "पाहिलंत? चिमाबाई इतकं खरं बोलल्या की सराव वाटलाच नाही." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. हे वाक्यही मी शनिवारी लिहिलं नव्हतं.


मंगळवार, ५ नोव्हेंबर

आबासाहेबांना विचारलं, सरावात खरा भंडारा उचलू दिला हे चुकलं का? ते चष्मा पुसत होते. कोर्टात शिरस्तेदार म्हणून सगळी नोकरी झाली, निवृत्त झाल्यावर स्वतःच्या हिमतीने हे समेट केंद्र काढलं. माणूस खरोखर चांगला आहे.

"विजयमाला," ते म्हणाले, "नाटकात मेलेला माणूस पडदा पडल्यावर उठून चहा पितो. तू फार विचार करतेस."

मी फार विचार करते हे खरं आहे. मन थोडं हलकं झालं. पूर्ण नाही.


शनिवार, ९ नोव्हेंबर

चिमाबाई आली नाही. बाळासो एकटाच आला. "घरात कामं हायती, ताई. दिवाळी तोंडावर आलीया." मग हसून म्हणाला, "आन् तिनं घर सोडायचं न्हाय असं ठरलंय न्हवं आपल्या हितं." वर्ग हसला. सोनाबाई हसली नाही, पण तिची दाढ दुखते असं ती मघाशी म्हणाली होती.

बाळासोने आबासाहेबांसाठी घोंगडी आणली आहे, घरची विणलेली, काळी, दाट. आबासाहेबांनी ती लगेच खुर्चीवर टाकली आणि सगळ्यांसमोर सांगितलं की केंद्राची पहिली शाखा कुंभारीला निघेल. एक डिसेंबरला, बिरोबाच्या देवळासमोर, रविवारी तिथे गाव जमतं तेव्हा. आणि गावचा मध्यस्थ बाळासो. आता कुंभारीच्या बायांना शहरात यायला नको, दारातच त्यांचं ऐकायला माणूस मिळेल.

मलाही बरं वाटलं. बिचाऱ्याची स्वतःची बायको केव्हाची माहेरी जाऊन बसली आहे, परत येत नाही. तरी तो दुसऱ्यांची घरं जोडायला धडपडतो.

चिमाबाईच्या जागेवर कुणी बसलं नव्हतं. माझी नजर सारखी तिथे जात होती.


गुरुवार, १४ नोव्हेंबर, पाडवा, करमाळा

घरी आले आहे. दुपारच्या जेवणाला सगळे एकत्र बसलो होतो. तात्यांनी वर्गाचं विचारलं. मी गंमत म्हणून कडीचं भांडण सांगितलं, सोनाबाईचे हातवारे करून दाखवले. तात्या खूप हसले. म्हणाले, "पंच चांगला तयार केलास. घर मोडलं नाही, हे महत्त्वाचं."

वच्छलाआत्या वाढत होती. ती माझ्या लहानपणापासून आमच्याकडेच असते. ती सहसा बोलत नाही. आमटीचा डाव तसाच हातात धरून ती म्हणाली, "मग बसवली का कडी?"

"अगं, सराव होता तो आत्या."

"बरं." तिने तात्यांच्या पानात आमटी वाढली. "चोरासाठी कुलूप असतं बाई. ते बाहेरून लागतं. आतली कडी घरातल्या माणसासाठी असते."

तात्या म्हणाले, "वच्छे, भात आण."

ती आत गेली. मीही मागोमाग गेले, पण तिथे तिने मला काही विचारू दिलं नाही. म्हणाली, "तुझ्या खोलीची कडी मी बसवून घेतली होती. तू नऊ वर्षांची होतीस. पंढरीनाथमामा मुक्कामाला यायचे त्या वर्षी. सुताराला सांगितलं, लेकरू झोपेत चालतं."

मी झोपेत कधीच चालत नव्हते.

आता त्या खोलीत बसून लिहिते आहे. कडी अजून तीच आहे, जाड, लोखंडी, दाराच्या मानाने फारच मोठी. इतकी वर्षं मी ती रोज लावली आणि कधी विचारलं नाही.

"वारं येतंय." "पोतं लाव." "सरकावतंय." मी हसले होते. 

पण हे मी ऐकलेलं नाही. मला वाटलेलं आहे. तिने सांगितलं होतं, ऐकल्यालं हाय. दुसऱ्या कुणाचं असेल.


सोमवार, १८ नोव्हेंबर, सोलापूर

दुसऱ्या कुणाचं नाही.

आज दुपारी केंद्रात एक तरुण आला. धोतर, डोक्याला लाल मुंडासं, पायताण दाराबाहेर न काढता थेट आत. "त्या ताई तुमीच व्हय? माज्या भनीला शपत घातल्याली?"

चिमाबाईचा भाऊ, गुंडा. भाऊबीजेला तिला न्यायला कुंभारीला गेला होता. दरवर्षी जातो. ती दारातून बाहेर आली नाही, आतूनच ओवाळलं, आणि म्हणाली, दादा, मी येऊ शकत न्हाय, ताईंच्या वर्गात भंडारा उचललाय.

"तो खरा नव्हता," मी म्हणाले. "म्हणजे भंडारा खरा होता. पण आम्ही तिथे सराव करत होतो."

"म्हंजी?"

मी समजावून सांगितलं. खोटं भांडण, खोटा पंच. ऐकता ऐकता त्याचा चेहरा रागाचा राहिला नाही, गोंधळलेला झाला. ते मला जास्त लागलं.

"ताई, तुमी शिकल्याली मानसं," तो म्हणाला. "पर भंडाऱ्याला काय कळतंय, कुटला पंच खोटा म्हून? आमच्या चुलत्यानं दारू पिऊन उचलला हुता. तरी बी पाळला, मरंपत्तूर."

मग म्हणाला, "ती रडली असती तर मी समजलो असतो. रडली न्हाय. दारात हुबं ऱ्हाऊन नुसती माज्या पायताणाकडं बगत हुती. त्या घरात काय हाय का, ताई? असलं तर सांगा. मी आन् आमचे भाऊबंद बगून घिऊ."

त्याच्या खांद्यावर कुऱ्हाड होती. मेंढरांसाठी पाला तोडायची, सगळेच ठेवतात. मी तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "मला काही माहीत नाही." हे खरं आहे. मी ऐकलेलं काहीच नाही. तरी खोटं बोलल्यासारखं वाटलं.

तो जाताना म्हणाला, "मी येतो पुना. तुमीच घातलीया, तुमीच सोडवा."


मंगळवार, १९ नोव्हेंबर

मंगळवारच्या बाजारात मुद्दाम गेले. सोनाबाईने सांगितलं होतं की चिमाबाईची सासू, बनाबाई, शेळी विकायला येणार आहे. चिमाबाई सोबत होती. शेळीच्या गळ्यातली दोरी तिने मनगटाला दोन वेढे देऊन धरली होती.

बनाबाई गिऱ्हाइकाशी बोलत होती तेवढ्यात मी जवळ गेले.

"चिमाबाई, वर्गाला का येत नाही?"

"ताई, तुमी घातल्यालं सोंग अजून उतरलं न्हाय."

"तो सराव होता. तुम्ही सगळ्यातून मोकळ्या आहात. मी सांगते ना."

"सराव तुमचा, ताई. भंडारा बिरुबाचा हुता."

मी हळू आवाजात विचारलं, "घरात काही त्रास आहे का?" वर्गात मी शिकवते की असं तोंडावर विचारू नये. पण दुसरं कसं विचारायचं ते सुचेना.

तिने दोरीचा आणखी एक वेढा घेतला. मग म्हणाली, "घरातलं भाईर सांगायचं न्हाय. तुमच्याम्होरंच म्हनले न्हवं." आणि माझ्याकडे तसंच पाहिलं, त्या शनिवारी वर्गात पाहिलं होतं तसं. मी मान हलवण्याची वाट पाहत होती का? मी मान हलवली नाही. 

बनाबाई आली. "या ताई व्हय? पोरीला शिकवून शानी केली तुमी," ती म्हणाली, आणि मी काही विचारलेलं नसताना पुढे म्हणाली, "मी भाईर शेळ्यांपाशी निजते. म्हाताऱ्या मानसाला काय ऐकू येतंय?"

गिऱ्हाईक लांबून पुटपुटत होतं, शेळीचे दात दाखवा म्हणून. तिला ते चांगलं ऐकू गेलं. ती लगेच वळली.


बुधवार, २० नोव्हेंबर

आबासाहेबांना सगळं सांगितलं. आत्याचं सोडून. "कडी" हा शब्द मी किती वेळा म्हणाले कोण जाणे.

त्यांनी शांतपणे ऐकलं. मग विचारलं, "तक्रार कुणाची आहे?"

"कुणाचीच नाही."

"नवऱ्याची?"

"तो मेंढरं घेऊन गेलाय."

"सासूची? भावाची? खुद्द बाईची?"

"तिला बोलता येत नाही, आबासाहेब. शपथ आहे."

"न बोलावता मध्यस्थाने जाऊ नये, हे फळ्यावर कुणी लिहिलं?"

मी लिहिलं. पहिल्याच दिवशी, ठळक.

"आणि एका कडीवरून तू भल्या माणसाचं नाव घेतेस. त्याच्या समाजातून इतका शहाणा मुलगा पहिल्यांदा पुढे आलाय." ते घोंगडीवर रेलून बसले होते. "मी बाळासोला सरळ विचारतो. दोन्ही बाजू ऐकायच्या, तूच शिकवतेस."

मी हात जोडले. म्हणाले, एवढं करू नका. ते म्हणाले, "बरं. रडू नकोस."

मी रडत होते हे मला माहीत नव्हतं.


गुरुवार, २१ नोव्हेंबर

त्यांनी विचारलं.

बाळासो दुपारी आला तेव्हा आबासाहेब जेवायला गेले होते. मी एकटी होते. तो नेहमीसारखा दारात थांबला, पायताण काढलं, पाय झाडले, मग आत आला. आवाजही नेहमीसारखाच.

"रामराम ताई. आबासाहेब म्हनत हुते, तुमी आमच्या कडीची लई काळजी करताय."

मी म्हणाले, तसं काही नाही.

"करावी की. तुमचं कामच हाय त्ये." त्याने फराळाची पुडी टेबलावर ठेवली. "आयनं दिलंय. चिमानं केल्यात करंज्या. लई गुनाची हाय. कुनाला एक शबूद बोलनार न्हाय."

मग फळ्यावरची माझी अक्षरं वाचत उभा राहिला. बोट लावून, एकेक शब्द. न बोलावता. मध्यस्थाने. जाऊ नये.

"चांगलं लिवलंय," तो म्हणाला. जाताना दारात वळला. "तुमी ऱ्हाता कुटं ताई? त्या पिठाच्या गिरणीमागं न्हवं का, जिन्याखालची खोली? एकट्याच ऱ्हाता म्हनं. तुमच्या दाराला हाय का धड कडी? नसली तर सांगा. येऊन बसवून देतो. आपलंच घर हाय."

आणि हसला. अगदी मोकळं, वर्गात हसतो तसं.

 आबासाहेब आले तेव्हा पुडी तशीच होती. त्यांनी दोन करंज्या खाल्ल्या आणि म्हणाले, "बघ, मनात काही ठेवत नाही पोरगा."

आता मला वाटलेलं आणि ऐकलेलं एकच झालं आहे. पण हे कुणाला सांगू? त्याचा शब्दन् शब्द मी इथे लिहिला, आणि वाचून पाहिला. यात वाईट असं एकही वाक्य नाही.


शुक्रवार, २२ नोव्हेंबर

सकाळी सोनाबाई दूध घालत येते त्या बोळात जाऊन उभी राहिले. तिने मला पाहिलं आणि आधी वळूनच गेली. मग परत आली.

"मला काय इचारू नका ताई. आमचं भिताड त्यांच्या भिताडाला हाय."

"मला फक्त भंडाऱ्याचं विचारायचंय. उचललेला भंडारा परत ठेवता येतो का?"

तिने किटली खाली ठेवली. पदराने हात पुसले.

"रोज सांजंला पाटा वढल्याचा आवाज येतो," ती म्हणाली. मी हे विचारलं नव्हतं. "दाराला लावती. एवढा जड पाटा. सकाळी पुना वढती." मग, "मला काय ठावं, सोंगात भंडारा काढंल म्हून? मी आपली सासू झाले. हसवायला."

"परत ठेवता येतो का?"

"आमच्या म्हातारीनं ठेवला हुता एकदा. ज्याच्या सांगन्यावरनं उचलला, त्यानंच देवाम्होरं जाऊन म्हनायचं, माज्या सांगन्यानं उचलला, माजी चूक, मी माघारी ठेवतो. चार मानसांम्होरं. देवाला चाललं का न्हाय, ठावं न्हाय. पर मानसांला चाललं."

"बाळासोच्या सांगण्यावरून उचलला."

"न्हाय ताई." सोनाबाईने पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं. "तिनं तुमच्याकडं बगितलं हुतं."

तर तिलाही दिसलं होतं.

मी म्हणाले, माझ्याबरोबर चला. ती किटली उचलून म्हणाली, "मी सांगितलं म्हून बी सांगू नका. मला तितंच ऱ्हायचंय." मला राग आला नाही. मला जिन्याखालच्या खोलीत राहणं कालपासून नकोसं झालंय, तिला तर भिंतीला भिंत लावून राहायचंय.

पुढच्या कोपऱ्यावर मुंडासं दिसलं. गुंडा सांगितल्याप्रमाणे परत आला होता, केंद्राकडेच निघाला होता. त्याला मी एवढंच म्हणाले की शपथ माझ्यामुळे झाली, मीच ती देवासमोर माघारी ठेवणार आहे. तुम्ही येत्या रविवारी देवळापाशी या, बहिणीला न्यायची तयारी ठेवून या, आणि कुऱ्हाड घरी ठेवा.

"कुराड कशाला घरी?" त्याने विचारलं. डोळे बारीक केले.

"माझी चूक सांगायला मी येते आहे. त्यात कुऱ्हाडीचं काम नाही."

त्याने मुंडासं नीट केलं. मग म्हणाला, "बरं. घरी ठेवतो." त्याला काहीतरी कळलं असेल का? कळलं असलं तरी त्याने मला विचारलं नाही. त्याचे उपकार.

मग पेठेतल्या लोखंडाच्या दुकानात गेले. कडी द्या म्हणाले.

"आतून लावायची का बाहेरून?"

"आतून."

"एक?"

"दोन."

एक मी संध्याकाळीच सुताराकडून माझ्या दाराला बसवून घेतली. दुसरी समोर कागदात आहे, चार स्क्रूंसकट. चिमाबाई माहेरी गेली तर तिला ही लागणार नाही. पण मालक आल्यावर कधीतरी परत यावंच लागेल. तेव्हा लागेल.

सराव केला. दुसऱ्याच्या जागी बसून बघा, असं मी वर्गाला सांगते, म्हणून आधी मी चिमाबाई झाले. एक शब्द निघाला नाही. मग बाळासो झाले. तेव्हा मात्र माझ्या तोंडून इतकं गोड, इतकं समजुतीचं यायला लागलं की मी घाबरून तोंडावर हात ठेवला. तात्यांचे शब्द होते ते. घर मोडू नये. झाकली मूठ. बाईमाणसाने थोडं सोसावं. ते मला तोंडपाठ आहेत. माझे आवडते तात्या. त्यांनी हे कुणाकुणाला ऐकवलं असेल, आणि आत्या दाराआडून ऐकत असेल.

शेवटी मी माझ्या जागी उभी राहिले. जे म्हणायचं ते थोडंच आहे. "चिमाबाईने दोन तारखेला वर्गात भंडारा उचलला तो माझ्या सांगण्यावरून. ते खोटं भांडण होतं असं समजून मी उचलू दिला. चूक माझी. मी तो माघारी ठेवते. ती मोकळी आहे, तिच्यावर कसलाही शब्द नाही." बाळासोचं नाव घ्यायचं नाही. घेतलं तर भांडण होईल, भांडणाचा पंच बसेल, आणि पंच तोच असेल. कडीबद्दल अक्षर काढायचं नाही. शपथ उतरली की तिचं तोंड तिचं. बोलायचं तर बोलेल, जायचं तर भावाबरोबर जाईल.

मला कुणी बोलावलेलं नाही. तो नियम मी फळ्यावर लिहिला होता आणि मला तो अजूनही बरोबर वाटतो. पण पाटा ओढणारी बाई बोलावणार कशी? तिने वर्गात मान वर करून पाहिलं, तेच बोलावणं होतं असं मी धरून चालते आहे. हे वाटलेलं आहे, ऐकलेलं नाही. तात्या हसतील.

सगळ्याचीच भीती वाटते. त्याच्या हसण्याची. देवळासमोर माझी जीभ अडखळेल याची. गाव म्हणेल, ही कोण शहरातली, आमच्या देवाशी बोलणारी. आबासाहेब केंद्रातून काढतील, तर या खोलीत कशाच्या बळावर राहू? बिरोबाचीसुद्धा भीती वाटते, मी त्याला कधी मानलं नाही आणि आता त्याच्यासमोर चूक कबूल करायला निघाले. आणि सगळ्यात जास्त ही की मी सगळं म्हणून झाल्यावर चिमाबाई दारातून बाहेर येणारच नाही. नाही आली, तर मी तसंच लिहीन. हसत म्हणून लिहिणार नाही.

एक तारखेला शाखा उघडली की तिथला मध्यस्थ तो. मग कुंभारीत कोणत्याही बाईने कुठेही तक्रार नेली तरी ती फिरून त्याच्याच ओसरीवर येणार. त्याआधी देवळासमोर माणसं जमण्याचा एकच वार उरतो.

उद्या शनिवार, वर्ग आहे. तो समोर बसेल. मला नेहमीसारखं शिकवायचं आहे, फळ्यावरचं पहिलं वाक्य न पुसता.

मी जाणार आहे तो रविवार, २४ नोव्हेंबर.